चार फेक, एक सोड

खेळ म्हटला की एक जिंकतो आणि एक हरतो, अशी माझी साधी समजूत होती. ती आमच्या बडेबाबूंनी मोडली आणि तिच्या जागी दुसरी कुठलीच दिली नाही. त्यांच्या खेळाला पट नव्हता, सोंगट्या नव्हत्या, आणि तो कधी संपतही नव्हता. फासे मात्र होते. पण पडलेल्या फाशांतले काही ठेवायचे आणि काही सोडून द्यायचे, असला सगळा कारभार. "पडले ते पडले, मंग सोडाचे काहून?" असं मी विचारलं की ते चष्म्यावरून माझ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "तू आधी नियम वाच." नियम मी वाचले. पुन्हा वाचले. त्यानंतर डोक्यात जो गोंधळ सुरू झाला तो आजतागायत निस्तरलेला नाही.

छत्तीसगढ राज्य नवीन झालं तेव्हाची ही गोष्ट. रायपूर राजधानी झालं आणि भोपाळहून ट्रक भरभरून फायली आल्या. फायलींच्या मागोमाग माणसं आली, त्यांत न मागता आलेलीही पुष्कळ होती. वाटणीत कोणाचं नाव कुठल्या राज्यात पडेल याचा काही नेम नव्हता. आमच्या खात्याला एका जुन्या वसतिगृहात जागा मिळाली होती. व्हरांड्यात मुलांनी कपडे वाळत घालायला बांधलेल्या तारा तशाच होत्या आणि माझ्या टेबलामागच्या भिंतीवर कोणीतरी खिळ्यानं 'मेस का खाना बंद करो' असं कोरून ठेवलं होतं. रंगारी दोनदा येऊन गेला तरी ते वाक्य वर यायचंच.

तिथं बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क, म्हणून ते आले. मूळचे वऱ्हाडातले, पण नोकरी सगळी भोपाळात झालेली. घर तिकडेच राहिलं. घरात त्यांची आई, सरकारी शाळेत शिकवणारी बायको आणि सातवीतली मुलगी. चौघांतले हे एकटे इकडे आले आणि पुरानी बस्तीत देवळामागच्या गल्लीत एक खोली घेऊन राहू लागले. मी रायपूरचाच. वडील रेल्वेत होते, नागपूरकडून बदलून आलेले ते इथलेच झाले. ऑफिसात मराठी बोलायला मला कोणी नव्हतं. त्यामुळे पहिल्याच दिवशी या माणसानं खोलीत पाऊल टाकून "हा पंखा काहून बंद आहे?" असं विचारलं तेव्हा मला इतका आनंद झाला की मी उठून उभाच राहिलो. पंखा बिघडलेला होता, तो भाग वेगळा.

हा आनंद आठवडाभर टिकला. कारण नंतर कळलं की नियम हा या माणसाचा जीव की प्राण आहे. आमच्या खात्यात नियम अडल्यावर शोधतात; यांना ते पाठ होते. रजेच्या अर्जात कोणी 'तब्येत ठीक नसल्याने' लिहिलं की अर्ज परत. "कोणाची तब्येत? तुही का तुह्या बैलाची? लिवणाऱ्याले माहीत असते, वाचणाऱ्याले नसते." अर्धं वाक्य बोललेलं त्यांना खपायचं नाही. आपण सहज म्हणावं, 'साहेब आले', की लगेच, "कोणते? कुठं? बसले का गेले?" चुकीचं वाक्य कानावर पडलं आणि ते तसंच पुढं गेलं, असं त्यांच्या हयातीत झालं नसावं. दुसऱ्याच्या संभाषणात मान घालून ते दुरुस्ती करून जायचे.

आणि असा माणूस फासे खेळायचा.

झालं होतं असं, की त्यांच्या मेहुण्यानं बंगलोरहून भाचीसाठी एका इंग्रजी पुस्तकाची झेरॉक्स पाठवली होती. खेळाचं पुस्तक; ते आधी स्वतः वाचायचं म्हणून बडेबाबू इकडे घेऊन आले होते. एकानं गोष्ट सांगायची, दुसऱ्यानं त्या गोष्टीतलं माणूस व्हायचं. माणूस नदीपाशी येऊन अडलं किंवा कुलपापाशी अडलं की फासे फेकायचे, आणि जमलं की नाही ते फाशावर ठरायचं. त्याआधी ते माणूस तयार करायचं, तेही फाशांनीच. ताकद किती, चपळाई किती, अक्कल किती, हिंमत किती. प्रत्येक गुणासाठी चार फासे फेकायचे, त्यांतला एक सोडायचा आणि उरलेल्या तिघांची बेरीज त्या गुणापुढं लिहायची. जितकी बेरीज मोठी तितकं माणूस दणकट.

पुस्तकात हे सांगायची एक खूण होती. चार, मग डी, मग सहा, मग पुन्हा डी, मग एक. पहिला डी फाशांचा आणि दुसरा सोडण्याचा. बडेबाबूंना हे मुळीच पटलं नाही. "एका ओळीत एकाच अक्षराकडे दोन चार्ज? असं कुठं असते का?" त्यांनी ती खूण मराठीत आणली. ४फ६सो१. चार फासे, सहा तोंडांचे, सोड एक. कधी फासे ठेवायचे असतील तर 'ठे' लावायचा आणि पुढं मोठा ठेवायचा की लहान तेही लिहायचं. 'सो'ला मात्र अशी शेपटी नव्हती. सोड म्हटलं की लहानच सुटतो, असं पुस्तकाच्या पहिल्याच पानावर व्याख्येत दिलं होतं, आणि व्याख्येत एकदा दिलेलं पुन्हा लिहिणं म्हणजे त्यांच्या दृष्टीनं अडाणीपणा होता.

या खुणेची त्यांना इतकी सवय झाली की हात रिकामा असला की ती कुठंही उमटायची. रायपूरबाहेर उरल्याला कारखान्यांची वसाहत होती, तिथल्या एका कारखान्याच्या फाइलीवर टिपणाच्या बाजूला त्यांनी विचार करता करता ४फ६सो१ लिहिलं आणि फाइल तशीच साहेबांकडे गेली. साहेबांनी हिरव्या शाईनं त्याभोवती गोल केला आणि शेरा मारला: 'कृपया चर्चा करें'. सगळं ऑफिस धास्तावलं. बडेबाबू शर्टाचं वरचं बटण लावून आत गेले. बराच वेळ दार बंद. बाहेर आले तेव्हा चेहरा शांत होता. "साहेबायले समजलं," ते म्हणाले. "साहेब म्हणे, छोटावाला छोड़ना ही ठीक है." आणि तरी ती फाइल पुढं लेखा शाखेत गेली, तिथून 'प्रकरण इस शाखा से संबंधित नहीं' असा शेरा घेऊन परत आली आणि पुढं कारखान्याचं काय झालं ते मला माहीत नाही. साहेबांना नक्की काय समजलं होतं, तेही मला माहीत नाही.

फासे घ्यायला त्यांनी मला गोल बाजारात नेलं होतं. लुडोचे फासे, त्यात काय निवडायचं? पण त्यांनी दुकानदाराकडे आधी पेलाभर पाणी मागितलं, मग मीठ मागितलं. मीठ ढवळून ढवळून इतकं विरघळवलं की फासा त्यात तरंगायला लागला. मग एकेक फासा टाकून त्याला बोटानं टिचकी मारायची आणि दर वेळी तोच आकडा वर येतो का ते बघायचं. ज्याचा एकच आकडा वर यायचा तो फासा म्हणे एका बाजूला जड, लबाड. मागं गिऱ्हाइकं खोळंबली. दुकानदार शेवटी हात जोडून म्हणाला, "भैया, लूडो खेलना है कि पूजा करना है?" बडेबाबू त्याला म्हणाले, "दोनों में ईमानदारी लगती है." चार फासे पसंत पडायला दुपार झाली. मी मिठाचे पैसे देऊ केले तर दुकानदारानं ते घेतले नाहीत. आम्ही जातो आहोत हेच त्याला पुरे होतं.

पुढं पुढं ते माणसांबद्दलही त्याच भाषेत बोलायला लागले. आमच्याकडे एक टायपिस्ट होता, बिचाऱ्याची सायकल चोरीला जायची, पगार अडकायचा, लग्न ठरून मोडायचं. त्याच्याबद्दल ते म्हणायचे, "हा दोन फेकून लहान ठेवलेला माणूस आहे." साहेबांच्या मेहुण्याला ठेका मिळाला तर "चार फेकले अन् चारही ठेवले, सोडाचं नाव नाही." मी त्यांना एकदा विचारलं, "अन् मी?" त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं आणि म्हणाले, "तू अजून डब्बीतच आहेस." ही स्तुती होती की काय होतं, मी बरेच दिवस विचार करत होतो.

त्यांची एक सवय तर अगदीच विचित्र. सोडलेला फासा ते टेबलावरून उचलू द्यायचे नाहीत. बेरजेत तो नाही, मग तो तिथं पडून काय करतो? पण नाही. "सुटला म्हणून काय झालं, पडला तर तोही होता," असं म्हणून तो तसाच बाजूला ठेवायचे, आणि चहाचा कपही त्याला टाळून ठेवायचे.

खेळ खरा चालायचा तो रविवारी सकाळी. तेव्हा एसटीडीचा दर कमी असायचा. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी एक बूथ होता, तो चालवणारी छत्तीसगढी बाई सगळ्यांची दीदी होती. बडेबाबू आंघोळ करून, भांग पाडून, इस्त्रीचा शर्ट घालून तिथं हजर व्हायचे आणि भोपाळला मुलीला फोन लावायचे. हे गोष्ट सांगायचे, ती तिकडे फासे फेकायची. मीही जायला लागलो. का जायला लागलो ते सांगता येणार नाही. आई घरी ओरडायची, "रविवारी बी त्याच माणसाचं तोंड पाहाले चालला का?" आणि मी स्कूटर काढायचो.

मुलीच्या गोष्टीतल्या पोरीचं नाव चिरैया. तिला जंगलं, डोंगर, नद्या ओलांडून समुद्रापर्यंत जायचं होतं. कशाला, ते मी विचारलं नाही. बडेबाबू मराठीत बोलायचे, मुलगी सगळं समजायची आणि उत्तर हिंदीत द्यायची.

"कड्यावरून खाली पाहून राहिली चिरैया. खाली नदी. वारा अंगावर येऊन राहिला. उडी मारतं का?"

"हाँ बाबा, मारेगी."

"वारा आहे म्हणून दोन फेक, लहान ठेव."

फाशांचा आवाज नीट ऐकू यायचा. स्टीलच्या ताटात फेकायची बहुतेक. "पाँच और एक. एक रखा."

"मंग पडली."

हे ऐकून दीदीच्या हातातला बिलाचा कागद तसाच राहायचा. बूथच्या फोनला बाहेर आवाज येण्याचं बटण होतं. पहिल्या दोन-तीन रविवारनंतर तिनं ते स्वतःच दाबायला सुरुवात केली होती. "का होगिस? नोनी बाँचिस के नहीं?" मुलगी वाचली की नाही, असं ती मला विचारायची. मी काय सांगणार? बाहेर उभं गिऱ्हाइक काच वाजवायचं, ती त्याला हातानंच थांब म्हणायची.

चिरैया पडायची फार. कारण ती अगदी कमकुवत होती. मुलीनं भोपाळला चार-चार फासे फेकून तिचे गुण काढले होते आणि फोनवर वाचून दाखवले होते: ताकद सात, चपळाई नऊ, अक्कल आठ, हिंमत सहा. अठरापर्यंत जाता येतं तिथं हिंमत सहा. मी म्हटलं, "पुन्हा फेकू द्या ना, लेकरू आहे." तर म्हणाले, "फाशानं दिलं ते दिलं. नशिबाले अपील नसते." पण त्याच आठवड्यात त्यांनी गोष्टीत एक हत्ती आणला. हत्ती चिरैयाला पाठीवर घ्यायचा, पडली की सोंडेत झेलायचा, दरवाजे डोक्यानं फोडायचा. कड्यावरून पडली तेव्हाही खाली नदीत हत्ती उभाच होता. मी पुस्तक चाळून पाहिलं, त्यात हत्ती कुठंच नव्हता. ज्यानं शिपायाला नियमाबाहेर अर्धी रजा दिली नाही त्यानं मुलीला अख्खा हत्ती दिला होता. मी विचारलं, "हा कोणत्या नियमात बसते?" ते म्हणाले, "विशेषाधिकार." आणि लगेच फाइल उघडून बसले.

हे सगळं एका बाजूला. दुसरीकडे जे चाललं होतं त्यानं मी चक्रावून गेलो होतो.

भोपाळला आमच्याच खात्यात रायपूरचा एक बाबू अडकला होता. त्याला इकडे यायचं होतं. दोघांनी अर्ज केला तर अदलाबदल होणार होती; ऑफिसात त्याला म्युच्युअल म्हणायचे. अशी संधी चालून येत नाही, लोक त्यासाठी देवाला नवस बोलत होते. त्या बाबूनं आपला अर्ज भरून पाठवला, दोनदा फोन केला, तिसऱ्यांदा केला तेव्हा त्याचा आवाज रडवेला झाला होता. मुदत महिनाअखेरपर्यंत. बडेबाबूंचा कोरा अर्ज त्यांच्या टेबलाच्या काचेखाली पडून होता. मी रोज सकाळी बघायचो. सही नाही. सोमवारपासून रविवारची वाट बघणारा माणूस एक सही करून रोजच मुलीजवळ राहू शकत होता आणि करत नव्हता. मला काही समजत नव्हतं आणि विचारलं तर ते पंख्याबद्दल बोलायचे.

शेवटी उरल्याला एका रोलिंग मिलच्या तपासणीला आम्ही माझ्या स्कूटरवरून गेलो तेव्हा मी सोडलं नाही. परत येताना ट्रकांच्या रांगेमागं अडकलो, दोघांच्या भुवयासुद्धा काळ्या झाल्या होत्या. रस्त्याकडेच्या टपरीवर चहा घेतला. मी म्हटलं, "बडेबाबू, महिना संपून राहिला. तुमाले घरी जायचं नाही का?"

त्यांनी खिशातून फासे काढले आणि बाकावर टाकले. कितीचे पडले ते मी पाहिलं नाही. एक त्यांनी बोटानं बाजूला सरकवला.

"मी तिथं होतो ना, तवा सकाळपासून माहे नियम सुरू," ते म्हणाले. "टॉवेल इथं काहून, वही उघडी काहून, दिवा कोणी चालू ठेवला. आई बोलणं टाळे. बायको शाळेतून आली का स्वयंपाकघरात जाऊन बसे. पोट्टी माह्या पायाचा आवाज आला का पुस्तक उघडे. आता फोनवर मागून तिघींचं हासणं ऐकू येते. पोट्टी वर्गात पहिली आली. चार फासे पडले होते आमच्या घरात. लहान होता तो सुटला. बेरीज चांगली आली. आता काहून हात लावाचा?"

मला राग आला. इतका राग आला की हातातला चहा सांडला. माणूस स्वतःला फासा कसा काय समजू शकतो? "अन् पोट्टीले विचारलं का तुमी?"

"लेकराले काय विचारतं? लेकरू 'या'च म्हणते."

एवढं बोलून ते उठले आणि टपरीवाल्याला सांगायला गेले की त्याच्या पाटीवर 'चाय' बरोबर आहे पण 'नास्ता' चूक आहे. मी स्कूटरपाशी उभा राहून धूळ गिळत होतो. त्यांचं म्हणणं खोटं आहे हे मला दिसत होतं, पण त्यांच्या हिशेबात चूक कुठं आहे ते सापडत नव्हतं. ते फोनवर मुलीशी बोलताना मी इतके दिवस ऐकत होतो. हा माणूस कोणाच्या घरात जड होत असेल हे मला खरंच वाटेना, आणि ऑफिसातला त्यांचा त्रास आठवला की वाटायचंही.

महिन्याचा शेवटचा रविवार आला. मुदत दुसऱ्या दिवशी संपणार होती. मी बूथवर गेलो तेव्हा फोन लागलेला होता आणि दीदी हट्टाला पेटली होती. "महूँ खेलहूँ," म्हणत होती, मीपण खेळणार. तिला चिरैयासाठी एक सोबतीण व्हायचं होतं, आणि नावही ठरवून आली होती. मुलीला तिकडे इतका आनंद झाला की ती ओरडली, "बाबा, आप मत बताना! दीदी को मैं सिखाऊँगी."

बडेबाबूंनी हसून फासे दीदीच्या हातात दिले आणि रिसीव्हर कानापासून थोडा दूर धरला. मुलीचा आवाज बूथभर ऐकू येत होता.

"दीदी, पहले ताकत. चारों फेंको. क्या आया?"

दीदीनं गिऱ्हाइकांच्या काउंटरवर फासे टाकले आणि बोट ठेवून ठेवून वाचले. "पाँच, दू, छै, तीन."

"अब सबसे बड़ावाला हटा दो. छह को. बाकी जोड़ लो."

दीदीनं मुकाट्यानं सहाचा फासा बाजूला केला. "दस."

"थांब," बडेबाबू म्हणाले. "थांब वं. मोठा नाही. लहान. दोनवाला सुटते."

"नहीं बाबा, बड़ावाला. मैंने तो चिरैया में सब बार बड़ा ही छोड़ा था."

माझ्या डोक्यात तेव्हा कुठं उजेड पडला. ताकद सात, हिंमत सहा. इतके महिने ती पोर दर खेपेला सगळ्यात चांगला फासा बाजूला काढून उरलेल्या रद्दी फाशांवर आपली चिरैया चालवत होती, कड्यावरून पडत होती, आणि एकदाही कुरकुरली नव्हती.

"म्या तुले नियम लिहून पाठवला होता," बडेबाबू म्हणाले. आवाज ऑफिसचाच होता.

"उसमें इतना ही लिखा था. चार फेंको, एक छोड़ो."

"अन् पहिलं पान? व्याख्या?"

"कौन सा पहला पन्ना?"

आमच्या ऑफिसात कोणालाही अख्खा नियम पाठवत नाहीत, लागेल तेवढा उतारा पाठवतात. त्यांनी मुलीलाही तसाच उतारा पाठवला होता, हेडक्लार्कच्या सवयीनं. व्याख्येचं पान रायपूरला त्यांच्या पेटीत होतं. दुसऱ्याच्या अर्जात 'कोणता ते लिहा' म्हणून लाल रेघ मारणाऱ्या माणसानं स्वतःच्या मुलीला कोणता फासा सोडायचा ते सांगितलं नव्हतं.

"बरं," ते म्हणाले. "माही चूक. पण तुले मोठा सोडाचा असं काहून वाटलं? कोणालेही लहानच सोडावं वाटन."

मीटरचे लाल आकडे पळत होते. दीदी हातात फासे घेऊन उभी होती.

"ऐसे ही," मुलगी म्हणाली. मग म्हणाली, "घर से भी तो सबसे बड़ावाला ही गया ना, बाबा."

तक्रार नव्हती त्यात. शाळेत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यावं तशी बोलली. दीदीला बडेबाबूंचं मराठी कळत नव्हतं आणि उरल्याचं बोलणं तिनं ऐकलेलं नव्हतं, तरी तिनं पदर तोंडाला लावला.

बडेबाबूंनी रिसीव्हर काउंटरवर ठेवला, अगदी सावकाश, आणि ते बाहेर गल्लीत गेले. देवळाच्या भिंतीला हात टेकून, आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. देवळात जाणाऱ्या बायका त्यांना वळसा घालून जात होत्या. मी अजिबात विचार न करता रिसीव्हर उचलला.

"बाबा? लाइन कट गई क्या?"

"नाही बेटा. मी आहो, ऑफिसवाला काका."

"काका, बाबा गुस्सा हो गए? मैं सब फिर से फेंक दूँ? चिरैया को नई बना दूँ?"

"नको नको. आहे तशीच राहू दे."

"तो बाबा कहाँ गए?"

काय सांगायचं ते मला माहीत नव्हतं. खेळ सुरू झाल्यापासून मला काहीच माहीत नव्हतं. पण तोंडातून मोठ्यानं निघून गेलं, "सामान बांधायले गेले. भोपाळले येऊन राहिले तुहे बाबा."

गल्लीत ते वळले. त्यांनी ऐकलं होतं. वाक्य साफ चूक होतं. सामान कोणी बांधत नव्हतं, सही झालेली नव्हती, अर्ज काचेखाली होता. आता हा माणूस आत येणार आणि म्हणणार, कोण येते, कोणत्या आदेशानं, कोणत्या तारखेला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. डोळे लाल झाले होते आणि ते पुसायचं त्यांना सुचलेलं नव्हतं.

ते आत आले. माझ्या हातातून त्यांनी फोन घेतला. दुरुस्ती केली नाही.

"काका बरोबर सांगून राहिला," ते म्हणाले. "तुह्या आईले सांग, उद्या सही करतो. मी घरी येऊन राहिलो."